लोभाची विनंती

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात नरकाची तीन दारे सांगितली आहेत : काम, क्रोध आणि लोभ. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, तेव्हा लोभाचा हा अर्थही मराठीत आला. पुढे कीर्तनकारांनी आणि पुराणिकांनी षड्रिपूंच्या यादीतून तो घरोघर पोचवला. आणि तरीही याच भाषेत पिढ्यानपिढ्या सज्जन, पापभीरू माणसांनी एकमेकांना पत्रे लिहिली आणि शेवटच्या ओळीत हात जोडून मागितला तो लोभच. ‘कळावे, लोभ असावा ही विनंती.’

हा विरोध वरवरचा आहे. संस्कृतातल्या ‘लुभ्’ या धातूत ओढ लागणे, मोहून जाणे, हवेसे वाटणे या छटा आहेत. इंग्रजीतला ‘लव्ह’, जर्मनमधला ‘लीबे’ आणि लॅटिनमधला ‘लिबिडो’ हे त्याचेच दूरचे भाऊबंद, असे भाषाशास्त्र सांगते. एकाच मुळातून एकीकडे हाव निघाली, दुसरीकडे प्रेम. मराठीने दोन्ही ठेवून घेतले आणि त्यांची सरमिसळ होऊ दिली नाही. हे काम तिने प्रत्ययांवर सोपवले. पैशाचा लोभ, गादीचा लोभ, जमिनीचा लोभ म्हटले की ती हाव. ‘मामांचा आमच्यावर फार लोभ’ म्हटले की ती माया. गोजिरवाण्या मुलाला ‘लोभस’ म्हणताना कोणाला षड्रिपू आठवत नाहीत.

तरीही या मायेत मुळातली थोडी हाव शिल्लक आहे, आणि शब्दाचे खरे बळ तिथेच आहे. ‘स्नेह’ शांत असतो, ‘आदर’ अंतर ठेवून उभा राहतो. लोभ करणाऱ्याला समोरचा माणूस हवा असतो. त्याची खुशाली, त्याचे येणेजाणे, त्याचे चार ओळींचे पत्र हे सगळे हवे असते. शिवाय पत्राच्या शेवटी हा शब्द येतो तो एका खास वाक्यात. लिहिणारा ‘माझा तुमच्यावर लोभ आहे’ असे सांगत नाही, ‘तुमचा लोभ असू द्या’ असे मागतो. स्वतःच्या भावनेची ग्वाही देण्यापेक्षा दुसऱ्याच्या भावनेची याचना करणे ही मराठी पत्राची रीत, आणि ती एका दिवसात घडलेली नाही.

मराठी पत्रव्यवहाराचे शास्त्र जुने आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे लोकांचा हेमाडपंत, याच्या नावावर ‘मेस्तके’ चालतात. कारकुनाने हिशेब कसा मांडावा, कागद कसा लिहावा, याचे ते नियम. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. अक्षर वाटोळे असावे, ओळी सरळ असाव्यात, शाई काळीभोर असावी, आरंभापासून शेवटपर्यंत हात बदललेला दिसू नये, असा त्याचा आशय. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू आणि शाईला एवढी जागा मिळावी, यावरून त्या काळी लेखनाचा मान केवढा होता ते कळते. शिवाजीमहाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका तर सर्वांनाच ठाऊक आहे. पत्र लिहायचे राहून गेले, महाराजांनी वाचायला सांगितले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हातात धरून सगळे पत्र तोंडपाठ ‘वाचले’. ती खरी की रचलेली, हा मुद्दा बाजूला ठेवू. पत्राचा साचा चिटणिसाच्या जिभेवर किती पक्का बसलेला असे, हे तिच्यातून दिसते.

साचा असा. वर ‘श्री’. मग मायना, म्हणजे ज्याला पत्र लिहायचे त्याच्या पायरीप्रमाणे विशेषणे. सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’, विद्वानाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांसारख्यांना ‘तीर्थस्वरूप’, सवाष्णीला ‘सौभाग्यादिसंपन्न वज्रचुडेमंडित’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. मग लिहिणाऱ्याचे नाते : मुलगा असेल तर ‘अपत्ये’, आश्रित असेल तर ‘पोष्य’, बरोबरीचा असेल तर ‘स्नेहांकित’. मग नमस्कार किंवा आशीर्वाद, मग ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’, आणि मग मजकूर. पत्र संपले की त्यावर कोणाला काही वाढवता येऊ नये म्हणून मोर्तब. पेशव्यांच्या कागदांवर ‘लेखनसीमा’ असा शिक्का दिसतो.

समाप्तीच्या वाक्यालाही अशीच उतरंड होती. राजाने अधिकाऱ्याला लिहिले की ‘जाणिजे’, फार तर ‘बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा’. वडीलधाऱ्यांकडून धाकट्याला ‘हे आशीर्वाद’. धाकट्याकडून किंवा सेवकाकडून वर जाणारे पत्र ‘सेवेसी श्रुत होय हे विज्ञप्ती’ म्हणून थांबे. वरच्याकडे मागायची ती कृपा. आणि साधारण बरोबरीच्या दोन माणसांत, सरदार-सरदारांत, स्नेही मंडळींत, व्याह्या-व्याह्यांत, लिहिले जाई ते ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे हे विनंती’. समोरचा थोडा वरचढ असेल तर ‘कृपालोभ’. जिथे हुकूम चालत नाही आणि पायावर डोके ठेवण्याचेही कारण नाही, तिथला हा शब्द. दोन माणसे एकमेकांना बांधलेली असतात ती केवळ एकमेकांच्या इच्छेने. तो बंध टिकावा म्हणून विनंतीच करावी लागते.

साचा सोडूनही भावना कागदावर उतरत असे. चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र आज्ञापत्र आहे, त्यात कोठेही माया-ममतेचा शब्द नाही. पण पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे जपून खर्च करा, रयतेच्या काडीला हात लावू नका, रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, अशा बारकाव्याने राजा लिहितो, तेव्हा त्या उंदरापर्यंत पोचलेली काळजीच सगळे सांगून जाते.

सतराव्या शतकाच्या कागदांत मनाच्या खरेपणाला वेगळाच शब्द भेटतो : एखलास. ‘अजदिल एखलास’ म्हणजे अंतःकरणापासून, निर्मळ भावाने. आदिलशाही-निजामशाहीतल्या मराठी कागदांचा मायना फार्सीच्या वळणाचा असे आणि त्यात हा एखलास सहज येई. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वेगवेगळ्या काळातल्या मराठी पत्रांतले फार्सी शब्द मोजून पाहिले. १६२८ च्या पत्रात मराठीहून फार्सी शब्दच अधिक निघाले, शंभर वर्षांनंतरच्या, १७२८ च्या पत्रात ते अगदी मोजके उरले. मधल्या काळात महाराजांच्या आज्ञेने तयार झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ आला. त्यात एक संपूर्ण वर्ग लेखनाचा आहे. मराठी कारकुनाच्या लेखणीतून एखलास मागे सरला आणि स्नेह, ममता, लोभ यांचे राज्य वाढले. निजाम किंवा इंग्रज यांना लिहिताना मात्र ‘मेहेरबान दोस्तां’ आणि ‘दोस्ती’ यांची भाषा अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली. ज्याला जी भाषा जवळची, तिच्यातच त्याच्याकडे मन उघड करायचे, ही समज चिटणिसांना होती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : हे सगळे ठरावीक शब्द, त्यांत खरेपणा कसला? पेशवाईतले काका-पुतणे याचे उदाहरण म्हणून सांगतात. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावला रघुनाथरावांच्या फौजेपुढे माधवरावांना हार घ्यावी लागली. १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी काकांना पकडले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. या सगळ्या काळात कागदोपत्री रघुनाथराव ‘तीर्थरूप दादासाहेब’च राहिले. आज वाचणाऱ्याला हे ढोंग वाटेल. पण आळेगावनंतर माधवराव स्वतः काकांच्या गोटात गेले आणि त्यांनी माघार घेतली, राज्य फुटू दिले नाही, हेही त्याच कथेत आहे. लढाईच्या दिवशीही ‘तीर्थरूप’ लिहिणे म्हणजे परतीची वाट उघडी ठेवणे होते. मायना मोडला असता तर समेटाचे पत्र कोणत्या शब्दाने सुरू करायचे, हा प्रश्न उरला असता.

शब्दावर विश्वास उरला नाही की दुसरी व्यवस्था होती. बेलभंडार पाठवायचा, म्हणजे देवाचा बेल आणि भंडारा, आणि त्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. शिंदे, होळकर, पेशवे यांच्या व्यवहारात अशा शपथांचे उल्लेख जागोजागी येतात. लोभ मागणारे पत्र आणि बेलभंडार यांतला फरक त्या माणसांना नीट कळत होता. लोभाला साक्षीदार लागत नाही.

जुने कागद हाताळणारा अभ्यासक आणखी एका गोष्टीवर डोळा ठेवतो : हस्ताक्षर. पत्राचा मोठा भाग कारकुनाचा असतो, वळणदार, एका ठेक्यातला. मग एकाएकी अक्षर बदलते. दोन-चार ओळी धन्याच्या स्वतःच्या हातच्या, ‘स्वदस्तुर’. अक्षर अनेकदा घाईचे, पण ज्यासाठी पत्र लिहिले ती गोष्ट तिथे असते. कोणाच्या प्रकृतीची विचारपूस, एखादी कानउघाडणी, एखादे आर्जव. पत्राला जोडून वेगळी ‘पुरवणी’ जाई, तिच्यात खासगी मजकूर. आणि शाई वाळल्यावर आठवलेले वाक्य ‘ताजा कलम’ म्हणून खाली येई. आजही ‘ता. क.’ वाचताना मन आधी सावध होते ते उगाच नाही.

आणि कधी भावनेचा एकही शब्द नसलेले पत्र सर्वांत जड ठरते. पानिपताची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी चिठ्ठीतून. दोन मोती गळाले, मोहोरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा तिचा आशय. विश्वासराव, सदाशिवरावभाऊ, सरदार आणि हजारो शिपाई हिशेबाच्या भाषेत मावले. घेऊन जाणाऱ्या कासिदाला कोणी अडवले तर गुपित फुटू नये म्हणून ती सांकेतिक होती. नानासाहेब त्यानंतर सहा महिन्यांच्या आत गेले.

हे सारे आज आपल्याला वाचता येते ते काही वेड्या माणसांमुळे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली आणि बावीस खंड काढले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले. त्यांचे ऋण फेडता येण्यासारखे नाही. एक खंत मात्र राहते. छापताना जागा वाचावी म्हणून अनेक ठिकाणी मायना आणि समाप्ती गाळली गेली आहे. राजकारण तेवढे शिल्लक राहिले. कोणी कोणाला ‘लोभ’ लिहिला आणि कोणाला नुसते ‘जाणिजे’, कोणत्या वर्षी ‘लोभ’ जाऊन ‘कृपा’ आली, हे पाहायचे तर मूळ रुमालच सोडावे लागतात, मोडी वाचावी लागते. इतिहासातल्या माणसांचे एकमेकांशी नेमके काय चालले होते ते पुष्कळदा त्या गाळलेल्या ओळीत असते.

एकोणिसाव्या शतकात बायका लिहू लागल्या आणि साच्याला नवा हात लागला. १८५६ मध्ये सावित्रीबाई फुले आजारी होत्या, नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिले. त्यानंतरची त्यांची दोन पत्रेही ज्ञात आहेत : १८६८ चे नायगावचे आणि १८७७ च्या दुष्काळातले जुन्नरजवळच्या ओतूरचे. नवऱ्याचे नाव घेणे हाच जिथे अविनय, तिथे या बाईने पत्राच्या मायन्यात नाव तर लिहिलेच, शिवाय विशेषण बदलले. परंपरेचे ‘तीर्थरूप’ बाजूला ठेवून ‘सत्यरूप’ लिहिले. एका शब्दाच्या जागी एक शब्द आला आणि त्यात त्या दोघांचा सगळा संसार आला. सत्यशोधक समाज स्थापन व्हायला पहिल्या पत्राच्या वेळी सतरा वर्षे अवकाश होता. सहजीवनाचा पाया काय, हे सावित्रीबाईंनी मायन्यातच सांगून टाकले. ठरावीक साच्यात मन ओतता येत नाही असे म्हणणाऱ्याने हे पत्र जरूर पाहावे. साचा होता म्हणूनच तो बदल लखलखीत दिसला.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे एक पत्र मासिकात वाचले आणि अनोळखी मुलीला लिहिले. पत्रापत्रांतून ओळख वाढली. १८८३ मध्ये आनंदीबाई तिकडे गेल्या त्याआधीच नाते ठरले होते : कार्पेंटरबाई मावशी. समुद्रापलीकडच्या, परधर्माच्या, कधी न पाहिलेल्या बाईला नेमके काय म्हणायचे, यासाठी कोणतेही मेस्तक उपयोगाचे नव्हते. विशीही न गाठलेल्या मुलीने आईच्या बहिणीची जागा काढून दिली. १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा पुढे अमेरिकेत गेली आणि पकिप्सीला कार्पेंटरांच्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवली गेली. हा लोभ अखेरपर्यंत टिकला.

तोवर डाक सर्वांची झाली होती. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट आले, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आणि पुढच्याच वर्षी मनिऑर्डर. कासिदांच्या जोड्या राजांची आणि सावकारांची पत्रे नेत असत. आता गिरणीतला साचेवाला आपल्या गावी लिहू लागला. ज्याला लिहिता येत नसे तो लिहिणाऱ्याकडे जाई. मुंबईच्या जीपीओसमोर ताडपत्रीखाली बसणाऱ्या पत्रलेखकांनी पिढ्यानपिढ्या परमुलखातून आलेल्या मजुरांची पत्रे लिहून दिली. लिहवून घेणारा सांगे भरभरून आणि लिहिणारा ते साच्यात बसवी. बाळाजी आवजींचा वारसा असा फुटपाथवर आला. कोकणातल्या कित्येक घरांचा संसार मुंबईच्या मनिऑर्डरीवर चाले. फॉर्मच्या तळाशी मजकुराला बोटभर जागा असे. ती जागाही कोणी कोरी सोडत नसे. पैसे पोस्टमन मोजून देई. मजकूर मात्र शेजारच्या शाळकरी मुलाकडून दोनदा वाचून घेतला जाई.

जागा कमी, म्हणून अक्षरे आखडली. मोडी कागदांतही संक्षेप होतेच, पोस्टकार्डाने ते घरोघर नेले. राजमान्य राजश्री ‘रा. रा.’ झाले, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष ‘शि. सा. न. वि. वि.’, अनेक उत्तम आशीर्वाद ‘अ. उ. आ.’ आणि शेवटची ओळ ‘क. लो. अ. ही वि.’. टिंबांनी तोडलेल्या या अक्षरांवर नव्या पिढीने खूप हसून घेतले. पण ती वाचणाऱ्या आजीला टिंबे दिसत नसत, तिला पूर्ण वाक्य ऐकू येई.

इंग्रजी शिक्षणाबरोबर ‘प्रिय’ आला, आणि पत्राची दिशा उलटली. पूर्वी भावना शेवटी येई आणि मागणीच्या रूपात येई. आता ती पहिल्याच शब्दात जाहीर होऊ लागली. यामुळे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. विसाव्या शतकाने मराठीला विलक्षण पत्रे दिली. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची लग्नाआधीची पत्रे ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकात आली. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ म्हणून मुलांच्या हाती गेली. धारवाडला एकांतात राहणारे जी. ए. कुलकर्णी माणसांना भेटायचे टाळत, पण पत्रांत तासन्‌तास बोलत. त्यांनी सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा स्वतंत्र खंड झाला आणि सुनीताबाईंची पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली. दोन प्रौढ, मानी, स्वतंत्र माणसे, नात्याला रूढ नाव नाही, आणि तरीही वर्षानुवर्षे चाललेला हा व्यवहार. लोभ हा शब्द बरोबरीच्या माणसांचा, असे पेशवाईतले चिटणीस मानत. या दोघांच्या पत्रव्यवहाराला दुसरा कोणता शब्द लागू पडेल?

आता दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखन ई-मेलच्या नमुन्यात लिहायचे असते. ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’, आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. कामाच्या पत्राला ते योग्यच आहे. पण ‘लोभ’ अजून हद्दपार झालेला नाही. साहित्यसभेच्या निमंत्रणात तो असतो, दिवाळी अंकाच्या संपादकाच्या पत्रात असतो, साठीपुढच्या वाचकांच्या ई-मेलमध्ये असतो. आणि सर्वांत घट्ट बसला आहे तो लग्नपत्रिकेत. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ने सुरू होणारी पत्रिका आता छापली जाण्याआधी मोबाइलवर फिरते. तिच्यात गणपती बदलतो, रंग बदलतो, मुलीकडच्या आजी-आजोबांची नावे आता आधीही येतात. निमंत्रकांच्या नावांच्या क्रमावरून दोन-दोन दिवस घरात चर्चा होते. तळाची ‘आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ ही ओळ मात्र मजकूर जुळवणारा विचारल्याशिवायच टाकतो, आणि ती काढून टाका असे सहसा कोणी सांगत नाही.